दणका दिला की सुरू होणारा कॉम्प्युटर

आमच्या दाराला बेल आहे आणि ती चालते. तरीही त्या दिवशी सकाळी साडेआठच्या सुमारास कुणीतरी दारावर टकटक केली, तीही बोटाच्या पेरानं, ऐकू येईल न येईल अशी. मी जेवणाच्या टेबलाशी घेवड्याच्या शिरा काढत बसले होते. कुकरची दुसरी शिट्टी व्हायची होती. आमचे हे बेसिनशी उभे राहून अर्ध्या चेहऱ्याला साबण फासत होते आणि उरलेल्या अर्ध्या तोंडानं कालच्या शब्दकोड्यात छापणाऱ्यानं कशी चूक केली आहे ते मला पटवून देत होते. चूक नेहमी छापणाऱ्याचीच असते.

"दूधवाला असेल," हे म्हणाले.

दूधवाला बेल वाजवतो आणि बोट काढायला विसरतो. बेल असताना जो दार वाजवतो, त्याला आवाज करायचा नसतो. मी हात पुसत जाऊन दार उघडलं.

दारात खालच्या मजल्यावरची टकटकवहिनी उभी होती. हे नाव आमच्या इमारतीनं ठेवलेलं. ती घरी बसून टायपिंगची कामं करायची. विद्यार्थ्यांचे प्रबंध, वकिलांचे अर्ज, एका निवृत्त मुख्याध्यापकांचं कधीच न संपणारं आत्मचरित्र. दिवसभर तिच्या खिडकीतून कीबोर्डचा आवाज यायचा, म्हणून टकटकवहिनी. तिचं खरं नाव खाली टपालपेटीवर होतं, पण ते वाचायचे कष्ट कुणी घेतले नव्हते. मीही नाही.

तिनं दोन्ही हातांनी चादरीत गुंडाळलेलं काहीतरी पोटाशी धरलं होतं. चादरीच्या फटीतून कॉम्प्युटरचा काळा डबा दिसत होता आणि मागून एक वायर लोंबत होती. तिचा डावा कान फुगून लाल झाला होता. कानातलं होतं तिथली पाळी खालपर्यंत फाटली होती. रक्त मानेवरून ओघळून कॉलरवर वाळलं होतं.

"काकू, हा सुरू होत नाहीये," ती म्हणाली.

"आधी आत ये. कानाचं काय झालं?"

"कानाचं नंतर बघू. मला हा तीन वाजायच्या आत सुरू करून हवाय. तुमची लेक फोनवरून सांगते आणि तुम्ही तुमचा कॉम्प्युटर घरीच उघडता, असं काका एकदा जिन्यात सांगत होते."

आमचे हे जिन्यात काय काय सांगतात त्याची यादी एकदा करायला हवी. पण ही गोष्ट खरी होती. आमची लेक दुसऱ्या शहरात कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात काम करते. शिकायला गेली तेव्हा तिचा जुना कॉम्प्युटर आमच्या गळ्यात मारून गेली. तो दर दोन महिन्यांनी रुसतो. मग ती फोनवरून सांगते आणि मी स्क्रू काढते. शिरा काढण्यापेक्षा फारसं वेगळं नसतं ते. फक्त घाई करायची नाही.

ती टेबलाशी बसली. मी बर्फ फडक्यात बांधून तिच्या हातात दिला. तो तिनं कानाला लावला आणि दुसरा हात डब्यावरून काही काढेना.

आता तिच्या नवऱ्याबद्दल सांगायला हवं, कारण हे सगळं त्याच्या हातानं झालेलं.

तो एका टायरच्या गोदामात सुपरवायझर. उंचापुरा, रुंद, हसरा. इमारतीत त्याच्यासारखा कामाला येणारा माणूस नाही. कुणाचा गॅसचा सिलिंडर वर न्यायचाय, कुणाचं कपाट सरकवायचंय, तो हजर. आणि त्याची खास ख्याती म्हणजे बंद पडलेल्या वस्तू. टीव्ही, रेडिओ, पंखा, काहीही असो. तो यायचा, बाजूला उभा राहायचा, वस्तूकडे जरा रोखून बघायचा आणि तळहातानं एक दणका द्यायचा. वस्तू सुरू व्हायची. नेहमी नाही, पण बऱ्याचदा, आणि लक्षात तेवढंच राहतं. सगळे म्हणायचे की त्याच्या हाताला गुण आहे. त्यातून इमारतीनं त्याला आडनावच बहाल केलं, हातगुणे. "हातगुणेसाहेब, आमचा फ्रिज घरघरतोय, जरा हात लावून जा ना." मी स्वतः त्याला मिक्सर दाखवायला बोलावलं होतं. त्यानं दणका दिला, मिक्सर फिरला, मी त्याला आल्याचा चहा करून दिला. वर मीच म्हणाले, "वहिनी नशीबवान आहेत बाई."

तो हसून म्हणाला होता, "तिलाच पटवून द्या ते, काकू."

आता त्याची बायको माझ्या टेबलाशी बसून सांगत होती. आवाज सपाट, जणू दुसऱ्याचा मजकूर वाचून दाखवतेय.

"सकाळी सहाला त्यांनी कॉम्प्युटर लावला. कुठल्याशा सामन्याचा निकाल बघायचा होता. नेहमीप्रमाणे सुरू झाला नाही. दणका दिला, नुसतं पीं पीं वाजलं. आणखी दोन दिले. मग लाथ घातली, डबा भिंतीवर आदळला. मग मला म्हणाले, तूच काहीतरी केलंस. मी म्हटलं, नाही केलं. मग केसाला धरून डोकं टेबलाच्या कडेवर आपटलं. दोनदा. दुसऱ्या वेळी कानातलं त्यांच्या बोटात अडकलं."

बेसिनशी पाण्याचा नळ बंद झाला. हे वस्तरा हातात धरून तसेच उभे.

"आता कुठे आहे तो?" यांनी विचारलं.

"गोदामात गेलेत. जाताना भंगारवाल्याला फोन केला, दहा वाजता येऊन हा डबा उचलून ने म्हणून. बाकी सगळं भरून काढता येईल, काका. यात जे आहे ते नाही येणार."

यात जे होतं ते तिनं मला तेव्हाच सांगितलं, आणि ते समजून घ्यायला तिचं पहिलं आयुष्य थोडं ठाऊक असायला हवं. तिचे वडील शाळेत शिपाई होते. पंधराव्या वर्षी त्यांनी तिला टायपिंगच्या वर्गाला घातलं, कारण त्या वर्गाची फी सगळ्यात कमी होती. सहा महिन्यांत ती वर्गात पहिली. कीबोर्डकडे न बघता, खिडकीबाहेर बघत ती टाइप करायची. मास्तर म्हणायचे की ही मुलगी कागदावर पाऊस पाडते. लग्नानंतर तिसऱ्या वर्षी नवऱ्यानं तिचा डावा हात दाराच्या फटीत धरून दार लावलं. अनामिका दोन पेरांवर मोडली आणि वाकडीच जुळून आली. तेव्हापासून ती नऊ बोटांनी टाइप करायची. वेग थोडा कमी झाला, पण गिऱ्हाइकांना कळलं नाही. तिनं कळू दिलं नाही.

एका वकीलबाईंचे अर्ज ती सात वर्षं टाइप करत होती. त्यातून तिला एक गोष्ट शिकायला मिळाली. नुसतं 'मारहाण करतो' असं लिहिलं की समोरचा वकील विचारतो, कधी, कशानं, कोणी पाहिलं, आणि बायका तिथं अडखळतात. म्हणून ती लिहायला लागली. मार खाल्ला की दुसऱ्या दिवशी, तो कामावर गेल्यावर, अर्जाच्या भाषेत. तारीख. वेळ. खोली. कशानं मारलं. शरीरावर कुठे. आधी काय बोलणं झालं. कोणी ऐकलं. सहा वर्षांत दोनशे बारा नोंदी झाल्या. त्यांचं फोल्डर 'विणकामाचे नमुने' या नावाखाली, कारण ते तो कधी उघडणार नाही.

गेल्या महिन्यात वकीलबाईंनी तिच्या वाकड्या बोटाकडे बघून सरळ विचारलं, तेव्हा तिनं पहिल्यांदा तोंड उघडलं. आज दुपारी तीन वाजता कोर्टात तिचा पहिला अर्ज उभा राहायचा होता, नवऱ्यानं तिच्यापासून लांब राहावं म्हणून. वकीलबाईंनी बजावलं होतं, "तुझ्या नवऱ्याच्या बाजूनं सगळी इमारत उभी राहील. तुझ्याकडे तारखा हव्यात."

"मग आधीच दुसरीकडे कुठे उतरवून का नाही ठेवलंस?" मी विचारलं आणि विचारताच जीभ चावली.

"पेन ड्राइव्ह ते मोडून टाकतात. पर्स रोज तपासतात. नेट दोन वर्षांपूर्वी तोडलं. आज सकाळी ते गेल्यावर प्रिंट काढून थेट कोर्टात जाणार होते." तिनं बर्फाचं फडकं दुसऱ्या हातात घेतलं. "सहा वर्षं दणक्यानं सुरू होत होता, काकू. आजच अडला."

मी घेवडा बाजूला केला आणि लेकीला फोन लावला.

"आई, मी आत्ता बसमध्ये आहे."

"मग बसमधून सांग. खालच्या वहिनींचा कॉम्प्युटर सुरू होत नाही. लाथ बसलीये."

"कुणाची?"

"ते नंतर. बोल."

तिला आईचा आवाज ओळखता येतो. पुढचा प्रश्न तिनं विचारला नाही. "फोन स्पीकरवर टाक. वायर काढलेली आहे ना? चालू करायचं बटण दहा सेकंद दाबून धर. आता झाकण काढ."

बाजूचा पत्रा काढला तेव्हा मी थोडी थांबले. त्या पत्र्याच्या मधोमध एक खोलगट पोचा होता. सहा वर्षं एकाच जागी तळहात बसून बसून झालेला. त्यात माझा पंजा ठेवून बघितला, तर दोन्ही बाजूंनी जागा उरली. पत्रा मी भिंतीला टेकवून ठेवला.

आत धुळीची गोधडी होती. यांनी त्यांचा जुना दाढीचा ब्रश आणून दिला, तोही न मागता, आणि तसे ते ब्रशच्या बाबतीत फार कंजूष आहेत. धूळ झाडली. आमच्या कॉम्प्युटरचा स्क्रीन, कीबोर्ड आणि माऊस आणून जोडला, वीज दिली. पंखा फिरला. मग लांब, एकसुरी पींऽऽ, थोडं थांबून पुन्हा पींऽऽ.

"पंखा फिरतोय म्हणजे जीव आहे," लेक म्हणाली. "हा आवाज रॅमचा. वीज बंद कर. आत एक बोटभर लांबीची हिरवी पट्टी उभी असेल. दोन्ही बाजूंचे चाप मागे कर, ती वर येईल."

पट्टी हातात आली. तिच्या कडेचे सोनेरी दात काळवंडले होते.

"खोडरबरानं पुस. हळू. मग परत बसव आणि दोन्ही चाप टक्‌ करून लागेपर्यंत दाब."

खोडरबर यांच्या शब्दकोड्याच्या पेन्सिलीला होता. मी पुसत असताना लेक म्हणाली, "वहिनी, दणक्यानं सुरू व्हायचा ना? ती पट्टी सैल होती. दणका बसला की क्षणभर टेकायची. पण शेजारीच सगळ्या फाइली साठवणारी डिस्क फिरत असते, तिला असला धक्का सोसत नाही. सुरू करता करता तुम्ही त्याला मारत होतात."

"मी नाही," टकटकवहिनी म्हणाली.

"सॉरी," लेक म्हणाली. मला वाटतं, तिला तेव्हा सगळं कळलं.

पट्टी बसवली, वीज दिली. पीं थांबलं. स्क्रीनवर कंपनीचं चिन्ह आलं आणि टकटकवहिनी पहिल्यांदा खुर्चीत नीट टेकून बसली. पण चिन्ह गेलं, पडदा काळा झाला, आणि पांढऱ्या अक्षरात एक ओळ उमटली की डिस्क सापडत नाही.

तिनं ती ओळ मोठ्यानं वाचली. "नाही सापडत म्हणजे गेली?"

"गेली असं कुणी म्हणायचं नाही," लेक म्हणाली. "आई, डिस्कची चपटी वायर बघ. लाथेनं निघाली असेल."

वायर अर्धी निघाली होती आणि तिचं टोक चिरडलं होतं. मी आमच्या कॉम्प्युटरचं झाकण उघडून त्यातली वायर काढली आणि इकडे लावली. तेव्हा पावणेदहा वाजले होते. वीज दिली. आतून कट्‌ कट्‌ असा आवाज यायला लागला, कुणीतरी बंद दारामागून नखानं खाजवावं तसा.

"आई, तो आवाज मला ऐकू आला. नीट ऐक. ती डिस्क आता फार वेळ टिकणार नाही. एकदाच उघडेल असं धर. उघडली की दुसरं काही बघायचं नाही, आधी फोल्डर पेन ड्राइव्हवर. डिस्क तपासू का असं विचारेल, नाही म्हण. आणि कुणीही त्याला हात लावू नका."

त्यानं खरंच विचारलं. आम्ही नाही म्हटलं. दहा वाजून पाच मिनिटांनी तिचा स्क्रीन उघडला. मागे कुठल्याशा डोंगराचं चित्र आणि डाव्या बाजूला छोटी पिवळी फोल्डरं. तिनं माऊस हातात घेतला. 'विणकामाचे नमुने'. मी आमचा पेन ड्राइव्ह लावला. स्क्रीनवर कॉपी होण्याची हिरवी पट्टी सरकायला लागली. मजकुराची फाइल पटकन गेली असावी. नंतर मोबाइलनं काढलेले जखमांचे फोटो होते, तिथे पट्टी अडखळायला लागली. चौदा टक्के. कट्‌ कट्‌. वीस टक्के.

खाली भंगारवाला आला होता, ते आम्हांला नंतर कळलं. दाराला कुलूप बघून त्यानं फोन केला. गोदाम इथून दहा मिनिटांवर आहे.

तेव्हा मात्र बेल वाजली.

"काकू," बाहेरून गोड आवाज आला. "आमची ही वर आलीय का?"

टकटकवहिनीनं मान वळवली नाही. ती पट्टीकडे बघत होती. फक्त पावलं खुर्चीखाली ओढून घेतली.

हे दारापाशी गेले. साखळी लावून बोटभर फट उघडली. एका गालावरचा साबण वाळून भेगाळला होता. "आहे," हे म्हणाले. "पण आत्ता भेटणार नाही. तुम्ही जा."

"काका, घरातली गोष्ट आहे."

"हेही घरच आहे," हे म्हणाले. तीस वर्षांत यांचं एवढं छोटं आणि बिनचूक वाक्य मी ऐकलं नव्हतं.

मग दार आत आलं. साखळी चौकटीतून स्क्रूसकट निघून यांच्या कपाळावर बसली आणि पाठोपाठ त्याची मूठ नाकावर. ओलं लाकूड मोडावं तसा आवाज झाला. हे चपलांच्या कपाटावर कोसळले आणि कपाट यांच्यावर. लेक फोनमधून ओरडत होती, "आई, कोण आहे? आई?" तो सरळ टेबलाकडे आला. आधी डब्याकडे, मग स्क्रीनकडे, मग बायकोकडे बघितलं. जिन्यात दिसायचा तोच चेहरा. फक्त हसू नव्हतं.

"भंगार विकायला सांगितलं होतं ना तुला?"

त्यानं तिचे केस मुठीत धरून तिला खुर्चीवरून मागे ओढलं. खुर्ची पडली, ती पडली नाही. तिनं दोन्ही हातांनी टेबलाची कड धरली होती आणि डबा तिच्या अंगाआड होता. त्यानं दुसऱ्या हातानं कीबोर्ड उचलला आणि तिच्या पाठीवर, खांद्यावर, डोक्यावर घातला. पाच-सहा वेळा. बटणं सुटून घेवड्यात पडली, फरशीवर उडाली. ती ओरडली नाही. सहा वर्षांच्या सवयीनं ती गप्प राहून मार खात होती. फक्त एकदा म्हणाली, "एकसष्ट." टक्के सांगत होती ती, मला.

मी त्याचा शर्ट मागून धरला. त्यानं न बघता कोपर मारलं. माझे पुढचे दोन दात ओठात घुसले आणि मी फ्रिजवर आपटले. त्यानं तिचं डोकं टेबलावर दाबून धरलं, फाटलेला कान खाली करून. टेबलावर लाल ओघळ पसरला. मग त्यानं मोकळा उजवा हात वर नेला, तळहात उघडा, बोटं जुळवलेली. तो दणका मी ओळखला. माझ्या मिक्सरला दिला होता तोच. तो तिला देणार होता की डब्याला, मला अजून माहीत नाही. दोन्ही एका रेषेत होते.

माझ्या हाताला भिंतीला टेकवलेला पत्रा लागला. तो मी दोन्ही हातांनी उचलून, कड पुढे करून, त्याच्या त्या हातावर घातला. पहिल्यांदा मनगटावर बसला. मी थांबले नाही. आणखी दोनदा घातला. हे मी अभिमानानं सांगत नाही आणि लाजूनही नाही. मनगटाचं हाड मोडलं तेव्हा तो ओरडला, आणि इतकी वर्षं खालच्या घरातून जो आवाज यायला हवा होता तो शेवटी त्याच्या तोंडून आला.

पडता पडता त्याचा पाय वायरीत अडकला. प्लग भिंतीतून निघाला. स्क्रीन काळा झाला आणि कट्‌ कट्‌ थांबलं.

जिन्यात माणसं जमली होती. मोडलेल्या दारातून समोरच्या घरातले आजोबा आधी आत आले आणि वाकून त्याला म्हणाले, "अरेरे, हातगुणेसाहेब, काय लागलं हो?" वरच्या मजल्यावरची म्हणाली, "काकूंनी मारलं? काकूंनी?" मग त्यांची नजर टेबलाकडे गेली. टकटकवहिनी तिथे गुडघ्यांवर बसून फरशीवरची बटणं गोळा करत होती आणि तिच्या केसांतून रक्त एकेका थेंबानं बटणांवर पडत होतं. आजोबांनी त्याच्या खांद्यावरचा हात काढून घेतला.

लेकीनं बसमधूनच पोलिसांना फोन केला होता. ते आले. त्याला खाली नेलं, मोडका हात दुसऱ्या हातात धरून तो उतरला, आणि पायऱ्यांवरच्या माणसांनी सवयीनं त्याला वाट दिली. इन्स्पेक्टरनं पत्रा उलटसुलट करून बघितला.

"हे कुणी केलं?"

"मी," मी म्हटलं. ओठ फुगल्यामुळे नीट म्हणता आलं नाही.

"आणि हा पोचा?"

"तो त्याचा."

त्यांनी दोन्ही गोष्टी लिहून घेतल्या. कोपऱ्यावरच्या दवाखान्यात डॉक्टरांनी तिच्या कानाला पाच आणि डोक्याला सात टाके घातले. यांच्या नाकात बोळे भरले. यांनी आरशात बघून, "अर्धी दाढी राहिली," एवढंच म्हटलं. तिला तिथेच झोपून राहायला सांगितलं होतं. ती दीड वाजता माझ्या मागे मागे घरी आली.

मी आमची वायर आमच्या कॉम्प्युटरमध्ये परत लावली. पेन ड्राइव्ह जोडला. तिनं कीबोर्डची सापडलेली बटणं जागेवर बसवली. दोन मिळाली नाहीत. फोटो चाळीसपैकी पंचवीसच आले होते आणि त्यातला एक अर्धा करडा. पण मजकुराची फाइल उघडली. शेवटपर्यंत. दोनशे बारा.

"काकू, एक मिनिट बसू?" तिनं विचारलं आणि खुर्चीवर बसली. बँडेजमुळे मान वळत नव्हती, पण तिला कीबोर्डकडे बघायची गरज नव्हतीच. नऊ बोटं चालायला लागली. दोनशे तेरा. तारीख. सकाळी सहा, पुढची खोली. नंतर सकाळी दहा वाजून वीस मिनिटं, वरच्या काकूंचं घर. कशानं मारलं, कीबोर्ड. मी वाकून बघितलं, तर खाली पत्रा तिनं वेगळ्या ओळीत लिहिला होता, कुणी कुणाला आणि का, काही न झाकता.

खालून आणलेला तिचा प्रिंटर एकेक पान ओढत होता तेव्हा मी ती पानं गोळा करता करता वाचायला लागले. वाचू नये असं वाटत होतं. प्रत्येक नोंदीच्या शेवटी तोच रकाना होता, कोणी ऐकलं. बहुतेक ठिकाणी एकच उत्तर होतं. 'वरच्या मजल्यावरच्या काकू. खुर्ची ओढल्याचा आवाज आला.' 'वरच्या काकू. चालत खिडकीपर्यंत आल्या, खिडकी लावली.' एकशे अठ्ठ्याहत्तराव्या नोंदीत होतं, 'वरच्या काकू. मी दोनदा हाक मारली. मिक्सर सुरू झाला.'

मिक्सर. दणक्यानं सुरू झालेला.

मी ते पान हातात धरून उभी राहिले. ती माझ्याकडेच बघत होती. तिच्या नजरेत राग शोधला, सापडला नाही. प्रबंध घेऊन आलेल्या मुलाकडे, 'पान कोरं आहे, इथे काय टाकायचं ते सांग,' अशा नजरेनं बघावं, तशी ती बघत होती. घड्याळात दोन वाजून दहा मिनिटं झाली होती. तिनं पानं माझ्या हातातून घेतली, टेबलावर ठोकून सारखी केली आणि पिशवीत घातली.

"काकू," ती म्हणाली, "माझ्याबरोबर कोर्टात या. तुम्ही ऐकलं होतं, एवढंच सांगा."